आधी फुंकर, मग गेज

अण्णा, तुझ्या फोटोला हार घातलाय आणि त्यातून तू माझ्याकडे बघतोयस ते हवा कमी झालेल्या टायरकडे बघायचास तसं. मान तिरकी, ओठ आवळलेले, म्हणजे आता काहीतरी खोट काढणार. काढ बाबा. मी समोरच बसलेय. भेटायला येणारी माणसं आता कमी झाली आहेत. वहिनी कधी देवघरात असते, कधी नुसती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. बायपासवरच्या आपल्या टायरच्या दुकानाचं शटर मी परवापासून उघडायला लागले. लोक काय म्हणतील याचा विचार केला नाही. घरी बसून तुझी वाट बघण्यापेक्षा दुकानात बसून बघावी, एवढंच वाटलं.

आपल्या समाजाच्या मासिकाला तुझी माहिती हवी होती. जन्म कुठला, आजोबा निपाणीहून हुबळीला कसे आले, दुकान कुणी घातलं, मागे कोण कोण आहे. ते सगळं मी लिहून दिलं. वाचून बघितलं तर त्यात तू कुठेच नव्हतास. तो कुठल्याही सज्जन माणसाला चालला असता असा मजकूर होता, आणि तू काही इतका सज्जन नव्हतास. तू हट्टी होतास, दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यावर तोडायचास आणि चहात साखर कमी पडली तर दिवसभर धुसफुसायचास.

मला तुला वेगळंच सांगायचंय. दवाखान्यात तू मला एक प्रश्न विचारला होतास. "सिद्दप्पाच्या लॉरीची हवा मी चाकात घातलेल्या मण्यांमुळे गेली का?" एवढाच प्रश्न. आयुष्यभर तू माझं मत विचारलं नाहीस, मीच ते देत राहिले, आणि पहिल्यांदा विचारलंस ते हे. मी म्हटलं, बघून सांगते. ते सांगायचं राहिलं. कसं राहिलं, तेच आता सांगत बसलेय.

ते मणी तू पहिल्यांदा आणलेस तो दिवस मला चांगला आठवतोय. लॉरीचं चाक जरासं जरी एका बाजूला जड असलं तरी वेग घेतल्यावर स्टिअरिंग थरथरतं. सगळी दुनिया त्यावर रिंगच्या कडेला शिसाचं वजन ठोकते. आपणही तेच करत होतो. पण आपल्या भागातले रस्ते असे की आज ठोकलेलं वजन अळणावरच्या जंगलात गळून पडायचं आणि ड्रायव्हर पुन्हा आपल्या दारात. तू फोनवर कुठलेतरी व्हिडिओ बघत बसायचास आणि एक दिवस ती पाकिटं मागवलीस. आत पांढरे बारीक मणी, वरईच्या दाण्याएवढे. टायर चढवताना ते आत ओतायचे. चाक फिरायला लागलं की ते आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसतात आणि चाक सारखं होतं. मी म्हटलं, अण्णा, हे खुळखुळा विकल्यासारखं दिसेल. तू म्हणालास, "तू गप बस गं सुमे. बघ तर खरं."

ओल लागली की ते मणी एकमेकांना चिकटतात, मग काही कामाचे राहत नाहीत. म्हणून पावसाळ्यात तू ते नवनगरच्या घरी नेऊन वहिनीच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यात ठेवलेस आणि तिला सांगायला विसरलास. एकादशीला वहिनीने ते वरई समजून भिजत घातले. दोन तास भिजवूनही मऊ होईनात तेव्हा तिने वाण्याला शिव्या घातल्या. तू दुकानातून आलास, पातेल्यात डोकावलास आणि कपाळावर हात मारून घेतलास. त्यानंतर वहिनी वरच्या फळीवरचा कुठलाही डबा उघडताना आधी दाणा दाताखाली धरून बघायची. काल मी तिथेच तो डबा बघितला. अजून निम्मा भरलेला आहे. वहिनी म्हणाली, राहू दे.

पहिले मणी घातले ते सिद्दप्पाच्या लॉरीत. कारण बाबांच्या वेळेपासून तो आपल्याकडेच यायचा, आणि तुझ्या कुठल्याही वेडेपणाला हो म्हणणारा तो एकटाच होता. कुंदगोळकडचा माणूस, स्वतःची लॉरी स्वतः चालवणारा, बोलायला कमी. मणी घालून झाल्यावर तू, मी आणि तो, तिघंही लॉरीत बसून धारवाडच्या रस्त्याला लागलो. तू डॅशबोर्डवर चहाचा ग्लास ठेवलास, काठोकाठ भरलेला. सिद्दप्पाने वेग वाढवला. तू ग्लासाकडे बघत होतास, मी तुझ्याकडे. चहा हलला नाही असं मी म्हणणार नाही, पण सांडला नाही. सिद्दप्पा हसला आणि दोन्ही हात क्षणभर स्टिअरिंगवरून उचलून दाखवले. तू त्याला ओरडलास, पण खूश होऊन. परत येताना तो चहा तूच प्यायलास, गार झालेला.

त्यानंतर भानगड सुरू झाली ती व्हॉल्व्हची. हवा तपासायला गेज लावलं की आतली हवा बाहेर येते, आणि व्हॉल्व्हच्या नळीत एखादा मणी बसलेला असला तर तो त्या हवेबरोबर तोंडाशी हवा अडवणाऱ्या पिनेत येऊन अडकतो. मग पिन पूर्ण मिटत नाही. हवा हळूहळू जात राहते, पंक्चर काही सापडत नाही. तू त्यावर उपाय शोधलास. गेज लावायच्या आधी कॉम्प्रेसरच्या नळीने जराशी हवा आत मारायची. नळीत काही असलं तर ते आत उडून जातं. मग गेज लावायचं. आधी फुंकर, मग गेज. हे तू दुकानाच्या भिंतीवर कन्नडात आणि मराठीत रंगवून घेतलंस. प्रत्येक ड्रायव्हरला तू ते सांगायचास, इतक्या वेळा की तू तोंड उघडलंस की ते आधीच मान हलवायचे.

सिद्दप्पाने मात्र ते कधी केलं नाही. त्याला ते खुळं वाटायचं. हवा आहे की नाही हे बघायचंय तर आधी हवा घालायची कशाला, असं तो म्हणायचा, आणि खरं सांगू, ऐकणाऱ्याला त्याचंच पटायचं. तो आला की थेट गेज लावायचा. तू ओरडायचास. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. तुमचं हे इतकी वर्षं चाललं होतं की मी त्याकडे लक्ष द्यायचंच सोडून दिलं होतं.

आणि त्याची अमावास्या. दर अमावास्येला तो लॉरी धुवायचा, चाकांखाली लिंबं ठेवायचा, नारळ फोडायचा आणि प्रत्येक चाकाला हळदकुंकू लावायचा. बाकीचे ड्रायव्हर मधल्या हबला लावतात. सिद्दप्पाच्या आईने त्याला शिकवलं होतं की श्वास जिथून आत जातो तिथे लावावं, म्हणून तो व्हॉल्व्हलाच लावायचा, तेही टोपण काढून, देवाला टोपणावरून लावल्यासारखं नको म्हणून. ओलं कुंकू बोटाने दाबून. तुला हे कळलं त्या दिवसापासून तुझं ठरलं: हवा जाते ती कुंकवाने. वाळलेलं कुंकू पिनेत बसतं, मण्यांचा काही संबंध नाही. मी म्हणायचे, अण्णा, कुंकू तर तो तुझे मणी यायच्या आधीपासून लावतोय, तेव्हा हवा जात नव्हती. तू म्हणायचास, तेव्हा टायरात ट्यूब होती, ती गोष्ट वेगळी. मी म्हणायचे, जाळीच्या पिना मागव, म्हणजे मणी येणारच नाही. तू म्हणायचास, मागवल्यात की. मागवल्याही होत्यास. पण सिद्दप्पाच्या पुढच्या डाव्या चाकात बसवायच्या आधीच तो भाडं घेऊन निघून गेला. आपलं भांडण तसंच अर्धं राहिलं, दुपारचा डबा आला म्हणून.

मग तो अरबैलचा घाट. भरलेली लॉरी घेऊन तो घाट उतरत होता. पुढच्या डाव्या चाकाची हवा वाटेत उतरली होती आणि वळणावर लॉरी एकाएकी डावीकडे ओढली गेली. तिकडे डोंगर होता म्हणून वाचला. लॉरी डोंगराला घासत थांबली. दरी दुसऱ्या बाजूला होती. त्याला खरचटलंही नाही, पण माणूस आतून हादरला. तो आपल्या दुकानात आला तेव्हा चप्पल काढून आत आला नाही, दारातच उभा राहिला. तू म्हणालास, थांब, पिन उघडून बघू, कशामुळे झालं ते कळेल. त्याने तुला चाकाला हात लावू दिला नाही. तुझ्याकडे न बघता म्हणाला, "अण्णार, निम्म मणी नमग बेडरी." तुमचे मणी आम्हाला नकोत. मोठ्याने नाही बोलला. तू म्हणालास, बरं, पण ती पिन दुसऱ्या कुणाला काढू देऊ नकोस, मला बघायची आहे. तो लॉरीत चढला आणि लांबचं भाडं घेऊन ओडिशाकडे निघून गेला.

त्या दिवशी तू जेवला नाहीस. मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल. तुझा राग नेहमी तसाच उतरायचा. पण हा राग नव्हता, हे मला उशिरा कळलं. तू दुकानात बसून हातातला एक मणी बोटांत फिरवत राहायचास. मी विचारलं तर म्हणालास, "त्याची बायको-पोरं हाईत गं सुमे. दरी त्या बाजूला असती तर?" त्याच आठवड्यात तुझ्या छातीत दुखायला लागलं आणि आपण तुला देशपांडे नगरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनंच आहे, बरेच दिवस अंगावर काढलंय. म्हणजे सिद्दप्पाच्या बोलण्याचा काही संबंध नाही. मी हे स्वतःला रोज सांगते. रोज सांगावं लागतंय.

दवाखान्यात तू तोंडावरचा मास्क बाजूला करून बोलायचास आणि नर्स तुला दटावायची. मला वाटायचं वहिनीबद्दल काही सांगशील, घराबद्दल सांगशील. तू विचारायचास, सिद्दप्पा आला काय? पिन बघितलीस काय? मी त्याला फोन लावत राहिले. कधी बंद, कधी वाजून वाजून थांबायचा. एकदा उचलला तर नुसता रस्त्याचा आवाज आणि तुटला. त्याच्या ओळखीच्या ड्रायव्हरांना निरोप दिले. त्यांच्याकडून एवढंच कळलं की त्याच चाकाची हवा अजून जातेय, तो वाटेत भरून घेतो आणि पुढे जातो. रस्त्यावरचे लोक हवा जास्त भरतात आणि मग पिन दाबून जादाची सोडतात, म्हणजे आतला मणी परत पिनेत यायला वाट मोकळी. हे मी तुला सांगितलं. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "म्हणजे मणीच असंल." मग जरा वेळाने, "तुला काय वाटतंय?"

वहिनीने मला बाहेर बोलावून सांगितलं, म्हण त्यांना की कुंकूच होतं, काय बिघडतंय. मलाही तेच वाटत होतं. पण तुला खोटं सांगून कधी खपलंय का? लहानपणी पाटी फुटली तेव्हाही खपलं नव्हतं. तू माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतंस आणि मग मण्यांचाच दोष असं कायमचं धरून बसला असतास. म्हणून मी म्हटलं, लॉरी येऊ दे, पिन उघडते आणि बघून सांगते. तू मान हलवलीस. मी तुझ्या पायांना तेल लावत बसले. तळपाय गार होते. मी चोळत होते, ते गारच राहत होते, आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं.

तू गेलास तेव्हा लॉरी अजून आली नव्हती.

अण्णा, मला तुझा फार राग आला. इतका की तुला उचलून नेलं तेव्हाही मी मनात भांडत होते. एका पिनेपायी झुरत राहिलास. ज्या माणसाने तुझं एक वाक्य कधी ऐकलं नाही, त्याच्या एका वाक्याने एवढा खचलास. आणि मग राग गेला, तेव्हा जे उरलं त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. सकाळी दुकानात दोन चहा सांगते. एक परत जातो.

काल सिद्दप्पा आला. त्याला वाटेत कुणीतरी सांगितलं होतं. लॉरी दुकानासमोर लावली, उतरला, दुकानात लावलेल्या तुझ्या फोटोपुढे उभा राहिला. मी लॉरीकडे बघत होते. पुढचं डावं चाक खाली बसलेलं होतं. म्हणजे हवा जातच होती. म्हणजे जे काय अडकलं होतं ते अजून तिथेच होतं. मला वाटलं, तू नसलास तरी तुला दिलेला शब्द पाळता येईल. आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघायचा, मग पिन काढायची, फडक्यावर घ्यायची आणि बघायचं. पांढरा दाणा की लाल खपली. मग फोटोसमोर येऊन सांगायचं, जे असेल ते.

मी साबणाचं पाणी कालवायला आत गेले. सिद्दप्पाला म्हटलं, पिन उघडून बघायची आहे, अण्णांना बघायची होती. त्याने मान डोलावली. मी पाण्याचा मग घेऊन बाहेर येते तर तो चाकाशी उकिडवा बसलेला, एका हातात गेज आणि दुसऱ्या हातात कॉम्प्रेसरची नळी. त्याने भिंतीकडे बघितलं. तिथे तुझी अक्षरं होती. आणि इतक्या वर्षांत जे कधी केलं नाही ते त्याने काल केलं. नळी व्हॉल्व्हला लावली आणि आधी हवा आत मारली. तुझ्यासाठी. मी थांब म्हणेपर्यंत झालं होतं.

मग पुढचं सगळं केलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही, म्हणजे हवा जायची थांबली होती. फडकं धरून त्याने पिन सैल केली, हवा सुटली, तिच्याबरोबर थोडे मणी फडक्यात आले आणि थोडी तांबूस पूड. रिंगचा गंज असेल, कुंकूही असेल. पिन मी उन्हात धरून बघितली. स्वच्छ होती. एक कणही नव्हता. जे होतं ते त्या फुंकरीने आत उडून गेलं होतं, बाकीच्या सगळ्या मण्यांत.

सिद्दप्पाने पिन माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून बघितली. एवढा मोठा माणूस तिथेच रस्त्यावर मांडी घालून बसला आणि रडायला लागला. म्हणाला, "अण्णारदु तप्पु इरलिल्लरी, अक्कार." अण्णांचं चुकलेलं नव्हतं. मी त्यांना बोललो, आणि त्यांचं काही चुकलेलं नव्हतं, पिनेत मणी नव्हताच. मी घाटात घाबरलो होतो, म्हणून बोललो. एवढंच पुन्हा पुन्हा. मणी काढू नका म्हणाला, जाळीची पिन बसवा आणि आहेत तसे राहू द्या.

त्याला सांगावं का, की स्वच्छ पिनेने काहीच सिद्ध होत नाही? की पुरावा त्यानेच उडवला, तुझं ऐकून? सांगितलं असतं तर तो त्या प्रश्नात अडकला असता, जसा तू अडकलास. नाही सांगितलं तर तो मोकळा होऊन उठेल. मी तुझ्या फोटोकडे बघितलं.

मी जाळीची पिन आणून त्याला दिली. त्याने बसवली, हवा भरली, डोळे पुसले आणि परत विचारलं, खरंच ना अक्का, अण्णांचं चुकलं नव्हतं ना? जे ऐकायला तू मास्क बाजूला करत होतास, ते तो माणूस भर दुपारी आपल्या दारात बसून बोलत होता, आणि ते खरं की खोटं हे आता कुणालाच कळणार नाही. मी हो म्हणून मान हलवली. दुसरं काय करणार होते, तूच सांग.